डॉनकास्टर बेल्स: लीग जिंकली आणि दोन स्तर खाली गेल्या

आकडेमोड

२०१७-१८ च्या हंगामात इंग्लंडमधली महिलांची दुसऱ्या स्तराची लीग डॉनकास्टर रोव्हर्स बेल्सनी जिंकली. दहा संघ, प्रत्येकी १८ सामने, बेल्स पहिल्या. पुढच्या हंगामात वरच्या स्तरावर कोण गेलं? दुसरा क्रमांक मिळवणारं ब्रायटन, आणि तिसऱ्या स्तरावरून थेट उडी मारलेलं वेस्ट हॅम. बेल्स मात्र चौथ्या स्तरावर खेळल्या.

पुरुषांची प्रीमियर लीग नियमित बघणारेही इथे चक्रावतात, म्हणून हा धागा. चर्चा सोपी जावी म्हणून आधी ढोबळ इतिहास देतो.

डॉनकास्टर हे दक्षिण यॉर्कशरमधलं, कोळसाखाणींच्या पट्ट्यातलं शहर. डॉनकास्टर रोव्हर्स या पुरुष संघाच्या बेल व्ह्यू मैदानावर लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या बायकांनी १९६९ मध्ये हा संघ काढला. सुरुवातीचं नाव मैदानावरूनच पडलं: बेल व्ह्यू बेल्स. नंतर डॉनकास्टर बेल्स झालं आणि २००३ मध्ये रोव्हर्सशी जोडल्या गेल्यावर डॉनकास्टर रोव्हर्स बेल्स.

महिलांच्या एफए कपच्या (एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना) अंतिम फेरीत त्या १३ वेळा पोहोचल्या. सहा जिंकल्या: १९८३, १९८७, १९८८, १९९०, १९९२, १९९४. सात हरल्या: १९८४, १९८५, १९८६, १९९१, १९९३, २०००, २००२. १९८३ ते १९९४ या बारा वर्षांत बेल्सशिवाय झालेली अंतिम फेरी एकच, १९८९ ची. १९९१-९२ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय लीग भरली. वरच्या गटात आठ संघ होते. बेल्सनी चौदाच्या चौदा सामने जिंकले, वर त्याच हंगामात कपही नेला. १९९३-९४ मध्ये पुन्हा लीग आणि कप दोन्ही.

म्हणजे आपण ज्या क्लबला आज खालच्या लीगचा म्हणतो, तो एकेकाळी देशातला सर्वांत जबरदस्त महिला संघ होता.

डावखुरी

छान सुरुवात. १९६९ या सालाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली.

एफएने ५ डिसेंबर १९२१ ला ठराव करून संलग्न क्लबांना आपली मैदानं महिला फुटबॉलला द्यायला मनाई केली होती. त्याआधीच्या वर्षी, १९२० च्या बॉक्सिंग डेला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स हा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. गर्दी नव्हती म्हणून खेळ बंद पडला, असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवावा.

ती बंदी उठली १९७०-७१ मध्ये. म्हणजे बेल्स स्थापन झाल्या तेव्हा ती लागू होती. ज्या मैदानावर या बायका पुरुषांच्या सामन्याला तिकिटं विकत होत्या, तिथे त्यांना स्वतःला नियमाने खेळता येत नव्हतं. बंदीचा खरा मार बसतो तो असा: मैदान नाही, त्यामुळे फाटकावर तिकीट लावता येत नाही, त्यामुळे पैसा नाही. सार्वजनिक बागेतल्या मैदानावर कितीही चांगलं खेळा, तिथे उत्पन्न शून्य. एक सबंध पिढी अशी गेली की क्लब म्हणजे वर्गणी आणि प्रवासखर्च. १९६९ मध्येच विमेन्स फुटबॉल असोसिएशन उभी राहिली, ४४ क्लब घेऊन. १९७०-७१ पासून १९९३ पर्यंत महिलांचा कप या हौशी संघटनेनेच चालवला. बेल्सचे पाच कप त्या काळातले आहेत. सहावा, १९९४ चा, एफएने कारभार हाती घेतल्यानंतरचा पहिला. त्या वर्षी स्कन्थॉर्पच्या ग्लॅनफर्ड पार्कवर नोझली युनायटेडला १-० ने हरवलं होतं.

शिट्टी

इतिहास मान्य. पण जुन्या ट्रॉफ्यांवर आजचं स्थान मिळत नसतं. २०१३ मध्ये त्यांना खाली ढकललं म्हणून बराच गहजब झाला होता. त्या वर्षीचा तक्ता बघा, बेल्स शेवटच्याच होत्या. मग अन्याय कसला?

आकडेमोड

@शिट्टी, तक्ता बरोबर आहे. तारखा बघितल्या की वाद वेगळा दिसतो.

महिलांची सुपर लीग, म्हणजे नवा पहिला स्तर, २०११ मध्ये आठ क्लबांनी सुरू झाली: आर्सेनल, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल अकॅडमी, चेल्सी, डॉनकास्टर, एव्हर्टन, लिंकन, लिव्हरपूल. प्रत्येकी १४ सामने, खालच्या स्तरात घसरण नाही. २०११ आणि २०१२ दोन्ही वर्षी तळाला होतं लिव्हरपूल. बेल्स दोन्ही वेळा सातव्या.

२०१४ पासून सुपर लीगचे दोन स्तर करायचे ठरले. पहिल्या स्तरात आठ आणि दुसऱ्यात दहा क्लब, निवड अर्जांवरून. निकाल जाहीर झाला एप्रिल २०१३ मध्ये. तेव्हा बेल्सचा २०१३ च्या हंगामातला एक सामना झाला होता. एक! उरलेले तेरा सामने त्या संघाने आपण खाली जाणार हे ठाऊक असताना खेळले. अपील केलं, ते फेटाळलं गेलं. अशा हंगामाचा शेवट तळाला झाला तर त्याला कारण म्हणता येत नाही, तो परिणाम आहे.

शिवाय त्याच २०१३ मध्ये सातवं कोण होतं? चेल्सी. आणि सलग दोन वर्षं तळाला असलेलं लिव्हरपूल २०१३ आणि २०१४ दोन्ही वर्षी विजेतं ठरलं. सुपर लीगमधलं स्थान तेव्हा एका वर्षात किती बदलू शकत होतं हे यावरून कळतं. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत अखंड बावीस वर्षं काढलेल्या क्लबला ती संधी मिळाली नाही.

लेफ्ट बॅक

दुसरी बाजू मांडतो, कारण या विषयात सगळे बेल्सच्या बाजूने बोलतात आणि अर्ज नेमका कशावर तपासला गेला हे कुणी सांगत नाही.

लायसन्ससाठी, म्हणजे लीगमध्ये खेळण्याच्या परवान्यासाठी, चार गोष्टी बघितल्या: आर्थिक आणि व्यवसाय व्यवस्थापन; व्यापारी टिकाऊपणा आणि मार्केटिंग; मैदान आणि सुविधा; खेळाडू, सपोर्ट स्टाफ आणि युवा विकास. यात गुणतालिका कुठेच नाही. हे आवडो न आवडो, नियम आधी छापलेला होता. २०११ चे आठ क्लबही असेच अर्जावर निवडलेले होते. बेल्स सुपर लीगमध्ये आल्या त्याही लायसन्सवरच.

आता हे चार निकष लावून बेल्स आणि त्यांच्या जागी आलेली मँचेस्टर सिटी यांची तुलना करा. मैदान बेल्सकडे बरं होतं, २००७ मध्ये सुरू झालेलं कीपमोट स्टेडियम. पण ते त्यांचं नव्हतं. रोव्हर्स तिथे खेळत, रग्बी लीगचा संघही तिथेच. सुरुवातीच्या दोन वर्षांत एफए प्रत्येक क्लबला वर्षाला ७० हजार पौंड देत असे, आणि तेवढेच क्लबने स्वतः घालायचे. चारपेक्षा जास्त खेळाडूंना वर्षाला २० हजार पौंडांच्या वर पगार देता येत नव्हता. या मर्यादेमुळे छोटे क्लब तग धरू शकले. पण ज्याच्यामागे प्रीमियर लीगचा क्लब आहे त्याच्या अर्जात पुढच्या पाच वर्षांचा पैसा कागदावर दिसतो, आणि बेल्सच्या अर्जात तो दिसू शकत नाही. समिती कागद बघते.

निर्णयाची वेळ भयंकर चुकली, यात वाद नाही. हंगाम सुरू होण्याआधी तरी सांगायचं, नाहीतर संपल्यावर.

डावखुरी

@लेफ्ट बॅक, कागद बघून निवड केली तर निदान कागद खरा निघायला हवा. तुमच्याच चार निकषांचं दुसरं उदाहरण देते.

त्याच फेरीत लिंकन लेडीजना पहिल्या स्तराचं लायसन्स मिळालं, अट अशी की क्लब शहर बदलून नॉटिंगहॅमला जाणार आणि नॉट्स काउंटी होणार. गेला. २०१५ मध्ये महिलांचा एफए कप पहिल्यांदा वेम्बलीवर झाला, त्या अंतिम फेरीत हीच नॉट्स काउंटी होती, चेल्सीकडून ०-१ ने हरली. आणि एप्रिल २०१७ मध्ये, स्प्रिंग सिरीज (त्या वर्षीचा अर्धा हंगाम) तोंडावर आली असताना, मालकाने महिला संघ बंद केला. खेळाडूंना करार संपल्याचं त्याच दिवशी कळलं.

आर्थिक टिकाऊपणाच्या निकषावर हा क्लब बेल्सच्या वर ठरवला गेला होता.

यात कायम विसरला जाणारा धोका असा की पालक क्लबचा पैसा हे महिला संघाचं उत्पन्न नव्हे. तो दुसऱ्याच्या ताळेबंदातला एक खर्च आहे, आणि पुरुष संघ अडचणीत आला की पहिली काट तिथेच लागते.

ऑफसाइड

२०१४ ते २०१८ चा भाग कुणी लिहिला नाही, तो थोडक्यात.

२०१४: दुसऱ्या स्तरात दुसरा क्रमांक. सुंदरलंड विजेते, वर जागा एकच. २०१५: पुन्हा दुसरा क्रमांक, रेडिंग विजेते. या वेळी वरचा स्तर नऊ संघांचा होणार होता म्हणून दोघींना बढती. २०१६: पहिल्या स्तरावर १६ सामने, त्यात फक्त एक विजय, तळाला, परत खाली.

२०१६ चा हंगाम नीट बघण्यासारखा आहे. बेल्सना वरच्या स्तरापासून दूर ठेवलं त्या दोन वर्षांत वरचे क्लब अर्धवेळवरून पूर्णवेळ होऊ लागले होते. दुसऱ्या स्तरावर जिंकायला जो संघ पुरला तो पहिल्या स्तरावर पुरेना. २०१३ मध्ये अंतर लहान होतं, २०१६ पर्यंत ते क्लबच्या आवाक्याबाहेर गेलं. नुकसान झालं ते इथे. अपील फेटाळलं त्या दिवशी ते कुणाला दिसलं नाही, एवढंच.

शिट्टी

हा मुद्दा पटला. मग २०१८ चं काय? तेव्हा तर त्या जिंकल्या होत्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांना कुणी काढलं नाही.

लेफ्ट बॅक

बरोबर, २०१८ ला काढलं नाही. दोन्ही प्रसंग एकाच वाक्यात बसवले जातात, ते चूक आहे.

२०१८-१९ पासून एफएने सगळं पुन्हा मांडलं. पहिला स्तर पूर्णवेळ व्यावसायिक, दुसरा, म्हणजे चॅम्पियनशिप, अर्धवेळ. सगळ्यांनी नव्याने अर्ज करायचे. पहिल्या स्तराला आठवड्याला किमान १६ तासांचा प्रशिक्षण-संपर्क, पुढे तो २० पर्यंत वाढवायचा, शिवाय अकॅडमी. दुसऱ्या स्तराला किमान ८ तास.

हे तास कागदावर किरकोळ वाटतात. गणित मांडा. नोकरी करणारी खेळाडू संध्याकाळी सातला मैदानावर येते. दोन-दोन तासांच्या तीन संध्याकाळी म्हणजे सहा तास. आठसाठी चौथी संध्याकाळ लागते, नाहीतर व्हिडिओ आणि जिमचे तास मोजून भरावे लागतात. सोळा तास संध्याकाळी बसतच नाहीत, सकाळी सराव ठेवावा लागतो. सकाळी सराव म्हणजे नोकरी सोडायची, म्हणजे क्लबने पूर्ण पगार द्यायचा, आणि तो फक्त अकरा जणींना देऊन भागत नाही, वीस-बावीस जणींना द्यावा लागतो. त्यावर फिजिओ, गोलकीपिंग कोच, दिवसा उपलब्ध असलेलं मैदान. एक अट बदलली की खर्चाची अख्खी रचना बदलते.

बेल्सना २०१८-१९ साठी चॅम्पियनशिपमध्ये जागा होती. जुलै २०१८ मध्ये क्लबने आर्थिक कारणाने स्वतःच माघार घेतली. शेफील्ड एफसीनेही घेतली. सुंदरलंडला वरच्या दोन्ही स्तरांत जागा मिळाली नाही, त्या तिसऱ्या स्तरावर गेल्या. म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेतले तीन जुने महिला संघ एकाच उन्हाळ्यात खाली. त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडचा नवा कोरा महिला संघ थेट दुसऱ्या स्तरावर आला. बेल्सची जेसिका सिग्सवर्थ, २०१७-१८ ची दुसऱ्या स्तरातली सर्वाधिक गोल करणारी, तिकडेच गेली. कर्स्टी हॅन्सनही.

अजून एक बारीक बाब. २०११ ते २०१६ सुपर लीग उन्हाळ्यात खेळली जायची, पुरुषांचं फुटबॉल बंद असताना. तेव्हा भाड्याच्या स्टेडियममध्ये तारखा मिळायच्या आणि गवतही शाबूत असायचं. २०१७-१८ पासून हंगाम हिवाळ्यात नेला. आता एकाच मैदानावर पुरुष संघ, महिला संघ आणि रग्बी. ज्याच्याकडे स्वतःचं छोटं मैदान नाही त्याला सगळ्यात शेवटची तारीख मिळते. पुढे ढकललेले सामने एप्रिलमध्ये आठवड्याला दोन-दोन खेळावे लागतात, आणि अर्धवेळ संघात दुखापती तिथेच वाढतात.

सांगलीकर

उत्तम धागा. चौथ्या स्तरावरून वर यायला किमान किती वर्षं लागतात? आणि मधल्या स्तरांवरही अर्जच लागतो का?

ऑफसाइड

@सांगलीकर, खेळून वर यायचं तर पहिल्या स्तरापर्यंत किमान तीन हंगाम, तिन्ही वेळा जवळपास निर्दोष खेळून.

चौथ्या स्तरावर नॅशनल लीगचे चार प्रादेशिक गट आहेत: उत्तर, मिडलंड्स, आग्नेय, नैर्ऋत्य. बेल्सना २०१८-१९ मध्ये मिडलंड्स गटात टाकलं. प्रत्येक गटाचा विजेता तिसऱ्या स्तरावर जातो, तिथे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट. तिथून चॅम्पियनशिपला पूर्वी एकच जागा होती, उत्तर आणि दक्षिण विजेत्यांत एक निर्णायक सामना व्हायचा. २०२२-२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने उत्तर गट जिंकला आणि वॉटफर्डकडून तो सामना हरल्याने त्या तिथेच राहिल्या. २०२३-२४ पासून दोन्ही विजेते वर जातात. त्या वर्षी न्यूकासल आणि पोर्ट्समथ गेले.

तालिकेत पहिला आलात तरी वरच्या स्तराच्या मैदानाच्या अटी आणि लायसन्स लागतंच. म्हणून शहाणे क्लब जानेवारीतच कागद तयार ठेवतात, मे महिन्याची वाट बघत नाहीत.

आणि कोविड विसरू नका. २०१९-२० चा हंगाम तिसऱ्या ते सातव्या स्तरासाठी रद्दबातल ठरवला गेला, निकाल पुसले. २०२०-२१ ही अर्धवट सोडला. त्यानंतर २०२१ मध्ये काही रिकाम्या जागा पुन्हा अर्ज मागवून भरल्या. खाली अडकलेल्या कुठल्याही क्लबची दोन वर्षं अशीच गेली.

डावखुरी

खेळाडूंबद्दल कुणी बोलणार आहे की नाही?

जिलियन कोल्टर्ड, मिडफिल्ड, इंग्लंडसाठी ११९ सामने, १०० चा टप्पा गाठणारी इंग्लंडची पहिली महिला. हे सगळं हौशी काळात, कारखान्यातली नोकरी सांभाळून. कॅरन वॉकर, सेंटर फॉरवर्ड, ८३ सामन्यांत ४० गोल. १९९४ च्या अंतिम फेरीतला एकमेव गोल तिचाच.

पुढच्या पिढीतल्या मिली ब्राइट, मेरी अर्प्स आणि बेथ इंग्लंड, तिघी बेल्समधून गेलेल्या. तिघी २०२२ चा युरो जिंकणाऱ्या इंग्लंडच्या चमूत होत्या. २०२३ च्या विश्वचषकात ब्राइट कर्णधार आणि अर्प्सला गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचा मान. युवा विकास हा २०१३ च्या चार निकषांपैकी एक होता ना? ब्राइट आणि इंग्लंड त्या वर्षी बेल्सकडेच होत्या.

सांगलीकर

वरच्या चर्चेत वेस्ट हॅमचा उल्लेख आला म्हणून: भारताची गोलकीपर अदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅम लेडीजकडून खेळायला लागली, ती लफबरो विद्यापीठात शिकत असताना. तेव्हा तो संघ तिसऱ्या स्तरावरचा होता. म्हणजे ज्या संघाने २०१८ मध्ये मधली एक पायरी गाळली, तोच. आपल्याकडे तिची बातमी ‘इंग्लिश लीगमध्ये भारतीय’ अशी एका ओळीत आली, स्तर कुणी सांगितला नाही.

आकडेमोड

बऱ्याच जणांनी हंगामवार तक्ता मागितला आहे. तो करताना कुठे घोळ होतो ते लिहितो, कुणाला दुसऱ्या क्लबचा करायचा असेल तर उपयोगी पडेल.

एक रकाना हंगामाचा ठेवा आणि दुसरा अंतिम सामन्याच्या वर्षाचा. १९९१-९२ चा कप म्हणजे १९९२ चा कप. हे दोन वेगवेगळे मोजले की बेल्सचे सहाचे सात होतात, आणि जालावर असे सात सापडतात. नावाचा रकाना वेगळा हवा, कारण शोधताना तिन्ही नावं टाकावी लागतात. नुसतं ‘डॉनकास्टर’ टाकलं तर पुरुषांचे निकाल मिसळतात.

स्तराचा रकाना आकड्यात लिहा, लीगच्या नावाने नको. ‘प्रीमियर’ हा शब्द १९९१ मध्ये पहिला स्तर होता, २०११ ला सुपर लीग आल्यावर दुसरा झाला, आणि २०१४ पासून तिसरा. ‘नॅशनल लीग’ तर १९९१ ला सर्वांत वर होती आणि आज तिसरा-चौथा स्तर आहे. नाव बघून बढती-घसरण ठरवली की हमखास चूक होते.

२०११ ते २०१६ चे हंगाम एका वर्षात संपणारे आहेत, तिथे ‘२०१३-१४’ असं काही नसतं. २०१७ चा स्प्रिंग सिरीज वेगळ्या ओळीत, कारण तो अर्धा हंगाम आहे आणि त्यात घसरण नव्हती. आणि शेवटचा रकाना ‘स्तर का बदलला’ याचा: खेळून, अर्जाने, की माघारीने. बेल्सच्या २०१४, २०१६ आणि २०१८ मधल्या तिन्ही घसरणी वेगवेगळ्या कारणांच्या आहेत. २०१४ अर्ज, २०१६ खेळ, २०१८ माघार.

शिट्टी

शेवटच्या रकान्यात २०११ चा प्रवेशही ‘अर्जाने’ लिहा मग. लेफ्ट बॅक यांचा तो मुद्दा बरोबर होता.

आकडेमोड

लिहिलं आहे. २०१५ च्या बढतीपुढे ‘दुसरा क्रमांक, जागा वाढल्याने’ हेही टाकलंय. १९८९ च्या अंतिम फेरीतले दोन संघ कोण हे एकाने निरोपात विचारलं: लीसो पॅसिफिक आणि फ्रेंड्स ऑफ फुलहॅम, ३-२. आदल्याच वर्षी अंतिम फेरीत बेल्सनी लीसोला ३-१ ने हरवलं होतं, आणि पुढच्या वर्षी डर्बी शहरात फ्रेंड्स ऑफ फुलहॅमला १-० ने.